चोरून लावलेलं टोपीफूल

मागून आणलेलं झाड लागत नाही, चोरून आणलेलं लागतं, असं आमच्याकडे बायका सर्रास म्हणतात. माझ्या सासूबाई तर पोथीत लिहिल्यासारखं सांगायच्या. शेवंतीचा बुडाशी फुटलेला मुनवा असो की सदाफुलीचं रोप, शेजारणीची पाठ फिरली की उपटायचं, आणि तिनंही पाहून न पाहिल्यासारखं करायचं. आठ दिवसांनी तीच येऊन विचारणार, "लागलं का व?" याला कुणी चोरी म्हणत नसे. मीही म्हटलं नाही. पुढं जे झालं त्याच्यावर या म्हणण्याचं पांघरूण घालून मी बरीच वर्षं काढली. आता ते पांघरूण पुरत नाही.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. लग्न होऊन मी देऊळघाटला आले होते. आमचे हे शाळामास्तर. घर दोन खोल्यांचं, पण मागं परस ऐसपैस. मला फुलांचं वेड माहेरापासून. स्वभाव मात्र असा की हवं म्हटलं की आजच्या आज हवं, आणि नाही मिळालं की डोक्यात राख. पहिल्याच वर्षी मी तिथं शेवंती, गलांडा, गुलबाक्षी असं काय काय लावलं. गलांडा तर इतका माजला की न्हाणीकडं जायची वाट त्यानं अडवली. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका म्हणायच्या, मास्तरणीचा हात लागला की काडीला पालवी फुटते. मला ते खरं वाटायला लागलं होतं.

मेंदीच्या कुंपणापलीकडं खाला राहायची. मी तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणत असे, सगळी आळीच म्हणायची. पन्नाशीची, उंच, हाडापेराची बाई. तिचा नवरा बुलढाण्याला एका साहेबाच्या बंगल्यावर माळी होता. साहेबाची मडम विलायतेला परत निघाली तेव्हा त्यानं तिच्या बागेतलं एक झाड ओल्या गोणपाटात बांधून घरी आणलं होतं. फूल मी तोवर पाहिलं नव्हतं तसलं. जांभळट गुलाबी पाकळ्या खाली लोंबलेल्या आणि मधोमध काटेरी, तपकिरी उंचवटा, डोक्यावर टोपी घातल्यासारखा. म्हणून सगळे त्याला टोपीफूल म्हणत. एकदा लावलं की वर्षानुवर्षं त्याच बुडातून फुटायचं. उन्हाळ्यात वाळून जमिनीला लागायचं, आणि पाऊस पडला की हिरवं होऊन वर यायचं.

मी लग्न होऊन आले त्याच्या आदल्या वर्षी खालाचा नवरा गेला होता. मूलबाळ नव्हतं. भादव्यापासून संक्रांतीपर्यंत त्या झाडाला फुलं असायची, आणि दर जुमेरातला, म्हणजे गुरुवारी, खाला दोन फुलं दिराच्या हाती नवऱ्याच्या कबरीवर पाठवायची. स्वतः कब्रस्तानात जात नसे. तिच्याकडे त्याच्या हातचं म्हणून तेवढं एक झाडच उरलं होतं. म्हणून ती त्याला जपायची. मुरमाचा उंच ढीग करून त्यावर ते लावलेलं, पाणी बुडाशी थांबता कामा नये म्हणून. सांगायची, "त्यायनं सांगून ठेवलं हाय, याच्या मुयाले पान्याचं भेव असते."

मी ते मागितलं. हसत हसत मागितलं, पण मनातून अगदी हवंच होतं. खाला म्हणाली, "देईन न, काऊन नाई देनार? पन पावसाया सरू दे. आता मुयाले हात लावला तं ते मरते. दिवाळीनंतर मीच काढून देईन तुले."

इतकं सरळ बोलणं. पण मला त्यात नकारच ऐकू आला. जिवाला लागलं. एवढं काय त्या फुलाचं, राजाच्या बागेतलं आहे का, असं घरात येऊन बडबडले. सासूबाई लसूण सोलत होत्या. म्हणाल्या, "मागितलंस काऊन पन? मागितलेलं लागत असते का कधी?"

झालं. मला निमित्तच हवं होतं.

आखाडात खाला चार दिवस भावाकडे लग्नाला गेली. जाताना मलाच सांगून गेली, घराकडं ध्यान ठेवजो. दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी खुरपं घेऊन कुंपणाच्या फटीतून पलीकडं गेले. वाटलं होतं शेवंतीसारखा बाजूचा मुनवा अलगद निघेल. पण त्याची मुळं खोल आणि एकात एक गुंतलेली. मी खुरपं घातलं, ओढलं, पुन्हा घातलं. काहीतरी तुटल्याचा आवाज आला आणि अर्धं बूड माझ्या हातात आलं. खड्डा पडला तो मी हातानं माती ओढून भरला आणि वरून पायानं दाबला. मुरमाचा ढीग एका बाजूनं सपाट झाला, तेही मी पाहिलं. नीट करायला हवं होतं, पण कुणी येईल म्हणून घाईनं निघाले. न्हाणीमागं, गुलबाक्षीच्या आड, पाणी न थांबणाऱ्या उतारावर ते लावलं. तेव्हा वाईट बिलकुल वाटलं नाही, उलट जिंकल्यासारखं वाटलं.

पाऊस झडीचा लागला होता. मी दाबलेल्या जागी पाणी थांबायला लागलं. खाला परत आली तोवर तिच्या झाडाची पानं पिवळी पडली होती, आणि श्रावणात एका सकाळी मला कुंपणापलीकडून माती उकरल्याचा आवाज आला. पाहते तर खाला उकिडवी बसलेली, हातात काळं पडलेलं, कुजून लिबलिबीत झालेलं बूड. रडत नव्हती. ते बूड नुसतं उलटंपालटं करून पाहत होती.

मी चहा घेऊन गेले. हो, मी चहा घेऊन गेले. तिच्याजवळ बसले आणि म्हणाले, "घुशीनं कुरतडलं असंल, खाला."

तिनं तुटलेल्या मुळावर बोट फिरवलं. म्हणाली, "हाव, तोडल्यावानीच दिसते. मी लग्नाले गेली नसती तं मले दिसलं असतं. चार दिवस खायाले-प्यायाले गेली न् इथं हे करून बसली." स्वतःलाच बोल लावत राहिली. चहा गार झाला. त्या दिवशी घरी येऊन मला जेवण गेलं नाही, आणि सासूबाईंना वाटलं मला दिवस गेले.

खालानं घुशीसाठी बाजारातून पिंजरा आणला. रोज त्यात भाकरीचा तुकडा लावायची. तीन दिवसांनी एक भली थोरली घूस खरंच सापडली, आणि खालानं ती मला बोलावून दाखवली. "हेच हाय ते," म्हणाली. त्या जनावराकडं माझ्याच्यानं पाहवेना.

इकडं माझ्या न्हाणीमागं झाड जोमानं वाढत होतं. सासूबाई एकदा पाणी टाकायला गेल्या आणि पाहून आल्या. खूश होऊन म्हणाल्या, "लागलं न? सांगतलं होतं तुले." भादव्यात कळ्या आल्या. खाई त्याला खवखवे म्हणतात ते काही खोटं नाही. फूल उमललं तर कुंपणावरून दिसेल, या भीतीनं मी रोज सकाळी कळ्या खुडायची आणि उकिरड्यात पुरायची. ज्या फुलासाठी एवढं केलं ते मीच फुलू देत नव्हते. उपटून फेकावं तर तेही जमेना, कारण आता दुनियेत ते एकच उरलं होतं. दर जुमेरातला खालाचा दीर दारावरून जायचा, हातात कधी गुलाब, कधी झेंडू, कधी नुसतेच हात. मी दाराआड व्हायची. यांनी एकदा विचारलं, "हे कसलं झाड आहे, कधी फुलतच नाही?" मी उगीच यांच्या अंगावर ओरडले.

दसऱ्याच्या गडबडीत एक कळी नजरेतून सुटली. सणाच्या दुसऱ्या दिवशी मी भांडी घासत होते आणि मागं पाहते तर खाला परसात उभी. न्हाणीमागं पाहत होती. फूल पूर्ण उमललं होतं. माझ्या हातातली राख तशीच राहिली.

ती हळूच खाली बसली, त्या काटेरी टोपीला तळहात लावला आणि मला विचारलं, "हे कुठून आलं व?"

खरं सांगायची वेळ ती होती. तेव्हा सांगितलं असतं तर ती चिडली असती, शिव्या दिल्या असत्या, आळीत माझी शोभा झाली असती, आणि अर्धं बूड मी तिच्या ढिगावर नेऊन लावलं असतं. तेवढ्यावर भागलं असतं. पण मी म्हणाले, "काय की बाई. मी तं लावलं नाही. बी उडून आलं असंल तुमच्याकडून."

खालाचे डोळे भरून आले. म्हणाली, "बी नाई उडत याचं इतकं. त्यायनं पाठवलं. तिकडं माह्या हातून मरनार हे त्यायले समजलं असंल, म्हनून आधीच इकडं धाडून देलं." तिनं माझा राखेचा हात धरला. तिला मी पहिल्यांदाच अशी हसताना पाहिली. मी होय म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मान हलवली तेवढी.

म्हटलं, घेऊन जा खाला, तुमचंच आहे. तर नको म्हणाली. मुयाले हात लावू नको, जिथं आलं तिथंच राहू दे, मले फक्त जुमेरातले दोन फुलं देत जाय. आणि आळीभर सांगत सुटली, की माह्या मालकाचं झाड कुंपण ओलांडून मास्तरणीकडं गेलं. बायका बघायला यायच्या. कुणी हात जोडायच्या. मी त्यांना चहा करून द्यायची, आणि सगळं ठाऊक असलेल्या सासूबाई कपबश्या मांडायच्या.

असं सहा वर्षं चाललं. फुलांच्या दिवसांत दर जुमेरातला सकाळी खाला यायची, मी दोन फुलं तोडून द्यायची, आणि ती माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणायची, "तुह्या हाताले बरकत हाय पोरी." त्या सहा वर्षांत मला दोन मुलं झाली, यांचा पगार वाढला, आणि प्रत्येक चांगल्या गोष्टीला ती म्हणायची की झाडाची सेवा करते म्हणून. मला वाटायचं जमीन दुभंगावी. पण फुलं घेऊन जाताना तिची चाल बदललेली असायची, ताठ, लगबगीची, नवऱ्याच्या डब्याला उशीर झाल्यासारखी. ती पाहिली की मी गप्प बसायची. तेवढं एक शहाणपण मला होतं आणि तेही मी शेवटपर्यंत टिकवलं नाही.

यांची बदली संग्रामपूरकडं झाली. सामानाची गाडी शुक्रवारी निघायची होती. बुधवारी दुपारी मी खालाकडं गेले. ती तांदूळ निवडत होती. मनात म्हटलं, हे ओझं त्या गावाला घेऊन जायचं नाही, सांगून मोकळं व्हायचं. मोकळं व्हायचं होतं मला. तिला काय होईल, याचा विचार मी केलाच नाही, खोटं कशाला बोलू.

सगळं सांगितलं. खुरपं, तुटलेलं मूळ, पायानं दाबलेली माती, घूस, उकिरड्यात पुरलेल्या कळ्या. सांगताना रडत होते. ती ओरडेल म्हणून वाट पाहत होते, ओरडली तर बरं वाटेल असंही वाटत होतं.

खाला ओरडली नाही. सुपातल्या तांदळातून तिची बोटं फिरत राहिली, खडा मात्र एकही काढला नाही. चोरीबद्दल ती एक शब्द बोलली नाही, मेलेल्या झाडाबद्दलही नाही. माझ्याकडं न पाहता म्हणाली, "मंग ते त्यायनं नव्हतं पाठवलं."

मी तिचे पाय धरायला वाकले तर तिनं पाय आत घेतले, रागानं नाही, हळूच. म्हणाली, "जाय पोरी, तुले सामान बांधाचं असंल."

दुसऱ्या दिवशी जुमेरात होती. मी सकाळीच उठून चांगली दोन फुलं तोडली आणि पाण्यात ठेवून ओट्यावर बसले. दुपार झाली, दिवे लागले. खाला फुलं न्यायला आली नाही.