येशूला बोललेला बोकड

बँकेत हयातीचा दाखला देऊन परत येताना मी बाईंना पाडलं. आपण जिवंत आहोत हे बाई नुकतंच सरकारला पटवून आल्या होत्या आणि मी लगेच त्यात शंका निर्माण केली.

बाई म्हणजे आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाई. मी मराठीचा. उमरग्यातल्या एकाच शाळेतून दोघं निवृत्त झालो आणि राहतोही एकाच गल्लीत. त्या ख्रिस्ती, मी तुळजापूरच्या आईचा. त्यांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा पुण्याला नोकरीत. त्या दिवशी स्कूटी माझी होती, बाई मागं एका बाजूला पाय सोडून बसल्या होत्या आणि मी गोष्ट सांगत होतो. मला गाडी चालवता येते आणि गोष्टही सांगता येते. दोन्ही एकदम येत नाही, हे तोवर कुणी लक्षात आणून दिलं नव्हतं. हायवे सोडून गल्लीकडं वळलो आणि गोष्टीतली नेमकी हसायची जागा आली. ऐकणाऱ्याचं तोंड बघितल्याशिवाय मला ती जागा सांगता येत नाही. मान मागं वळवली. पुढं गतिरोधक होता. मी आणि स्कूटी त्याच्या पलीकडं गेलो, बाई अलीकडंच राहिल्या.

खुब्याचं हाड मोडलं. मला साधं खरचटलंही नाही. खरचटलं असतं तर बरं झालं असतं, लोकांना दाखवायला काहीतरी राहिलं असतं.

माणसं जमली. "काय झालं, काय झालं?" मी तोंड उघडायच्या आत बाई म्हणाल्या, "खड्डा होता." आमच्या गावात खड्डा कुठंही सापडतो. नेमका तिथं नव्हता. सगळ्यांना दिसत होतं की नाही, आणि सगळे माझ्याकडं बघत होते.

सोलापूरला ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, वय आहे, शुगर आहे, चालतील की नाही आत्ता सांगता येत नाही. मुलगा पुण्याहून आला. पोरगं सज्जन. माझा हात धरून म्हणाला, "काका, मनाला लावून घेऊ नका. आई चालायला लागली तर प्रश्नच नाही. नाही लागली तर घर बंद करून पुण्याला नेतो. एकटीला कसं ठेवू?" बाई जाग्या होत्या. त्यांनी छताकडं बघितलं. ते घर त्यांनी आणि यजमानांनी पगारातून एकेक खोली वाढवत बांधलेलं. दर रविवारी चर्चमध्ये पेटी त्या वाजवायच्या. आणि आता हे सगळं सुटणार, कारण मला एका विनोदावर त्यांचं हसू बघायचं होतं.

मी रोज एसटीनं सोलापूर गाठायचो, मोसंबी घेऊन. मी खोलीत शिरलो की बाईंचा डोळा लागलेला असायचा. मी मोसंबी ठेवून बाहेर बाकावर बसायचो. तिथं बसल्या बसल्या मी नवस बोललो.

आमच्या घरात नवस म्हणजे बोकड. आजारपण असो, कोर्टाची तारीख असो, पोराची दहावी असो, आई देवीला बोकड बोलायची आणि काम झालं की द्यायची. न दिल्यास काय होतं याच्या कथा तिच्याकडं भरपूर होत्या, आणि त्या ऐकूनच मी मोठा झालो. पण इथं अडचण हद्दीची होती. बाई देवीच्या खात्यात येत नव्हत्या. कळंबच्या माणसाचा सातबारा उमरग्याच्या तलाठ्याकडं मागून कसं चालेल? अर्ज येशूकडंच करायला हवा होता.

आता येशूची आणि माझी ओळख कितपत? तर नाताळच्या भाषणापुरती. शाळेत दरवर्षी ते भाषण माझ्याकडं असायचं. थोर संत, प्रेमाचा संदेश देणारे महापुरुष, दीनदुबळ्यांचे कैवारी. हेच भाषण मी इतर जयंत्यांनाही करायचो, फक्त नाव आणि हार घालायचा फोटो बदलायचा. एका वर्षी कार्यक्रम झाल्यावर बाई म्हणाल्या होत्या, "सर, भाषण छान झालं. पण ते दुसऱ्याच कुणाचं तरी होतं." मी ते कौतुक समजून घरी सांगितलं होतं.

दवाखान्याच्या बाकावर मात्र घोटाळा लक्षात आला. महापुरुषाला नवस बोलता येत नाही. महापुरुषाचं फार तर स्मारक करता येतं. नवस देवालाच. म्हणून मी येशूला तिथल्या तिथं बढती दिली, डोळे मिटले आणि म्हणालो, "बाई चालल्या तर तुला बोकड." अहोजाहो विसरलो. देवाला आम्ही अरेतुरेच करतो.

आणि बाई चालायला लागल्या. आधी वॉकर, मग काठी. घरी आल्यावर मी संध्याकाळी जाऊन बसायचो. एकदा म्हटलं, जरा चौकशी करून ठेवू. "बाई, तुमच्या देवाला काय चालतं?"

"म्हणजे?"

"म्हणजे खाण्यापिण्याचं. काय आवडतं?"

बाई हसल्या. "मासे भाजून खाल्ले होते त्यानं. भाकर खायचा. द्राक्षाचा रस प्यायचा. दमला की झोपायचा. मित्र मेला तेव्हा रडला."

"म्हणजे माणूसच की."

"माणूसच."

"मग देव?"

"देवच."

"अर्धा अर्धा?"

"नाही हो. पूर्ण देव आणि पूर्ण माणूस."

"बाई, तुम्ही पोरांना मापं शिकवली. एका तांब्यात दोन तांबे पाणी बसतं का?"

"नाही बसत," बाई म्हणाल्या. "मलाही ते बसवून दाखवता येत नाही. पण ऑपरेशननंतर रात्रभर ठणका लागायचा ना, तेव्हा मला नुसता वर बसलेला देव नको होता. ज्याला खिळे ठोकले, ज्याला खरंच दुखलं, असा हवा होता. आणि तो नुसता दुखणारा माणूस असता तर माझ्यासारखाच अडकलेला असता. त्याच्याशी बोलून काय उपयोग?"

मी मान डोलावली. खरं सांगायचं तर माझं लक्ष निम्मंच होतं. तो जेवतो हे कळलं, माझं काम झालं होतं.

पहिल्यांदा स्वतःच्या पायानं बाई ज्या रविवारी चर्चला गेल्या, त्या रविवारी मी बाहेर उभा होतो. हातात दोरी, दोरीला बोकड. काळा, कपाळावर पांढरा ठिपका. गळ्यात झेंडूचा हार, कपाळाला हळदकुंकू. आतून पेटीचा आवाज येत होता, तो बाईंचाच. बोकडही अधूनमधून साथ देत होता. उपासना सुटली, मंडळी बाहेर आली आणि गोल करून उभी राहिली. चर्चच्या पाळकसाहेबांनी चष्मा सारखा केला.

"सर, हा कुणाचा?"

"तुमच्या प्रभूचा," मी म्हणालो.

पाळकसाहेबांनी वळून बाईंकडं बघितलं. "बाई, हे तुमचं प्रकरण दिसतंय." आणि ते हळूच बाजूला झाले.

बाई काठी टेकत आल्या. एवढ्यात मला आठवलं की मुख्य विधी राहिलाच. आमच्यात बोकडावर पाणी शिंपडतात. त्यानं अंग झाडलं म्हणजे देवी पावली. मी बाटली उघडून डोक्यावर-पाठीवर ओतली. बोकडानं असं जोरात अंग झाडलं की बाईंच्या पांढऱ्या साडीवर कुंकवाचे शिंतोडे उडाले.

"पावला!" मी ओरडलो.

"काय चाललंय सर?" बाई म्हणाल्या. मी सगळं सांगितलं. बाक, नवस, बढती. पोरं खिदळत होती. बाई पायरीशेजारच्या खुर्चीत बसल्या आणि आधी खूप हसल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "घेऊन जा त्याला."

"तसं नाही चालत बाई. बोललोय मी."

"नाही दिला तर काय होईल?"

काय होईल ते तोंडानं म्हणवत नव्हतं. माझी नजर त्यांच्या पायाकडं गेली आणि त्यांनी ती पकडली.

"अस्सं. म्हणजे माझा देव वसुलीला येणार. पाय परत मोडणार."

"तसं नाही..."

"तसंच. तुम्ही त्याला आधी संत केलं, मग देव केलं, आणि आता सावकार करताय. सर, आमच्यात त्याला देवाचं कोकरू म्हणतात. का म्हणतात माहीत आहे? पूर्वी लोक पापासाठी कोकरं कापायचे, तुमच्यासारखेच. मग देव म्हणाला, पुरे. आणि स्वतःच कोकराच्या जागी येऊन उभा राहिला. द्यायचं ते त्यानं दिलं. आता त्याला बोकड नेऊन कुठं देता?"

"मग मी काय देऊ?"

"काही नाही."

"काही नाही कसं, बाई?" माझा आवाज चढला, बोकडसुद्धा दचकला. "तुम्हाला मी पाडलंय!"

"व्हय," बाई म्हणाल्या. "तुम्हीच पाडलंय."

इतके महिने हे वाक्य त्यांच्या तोंडून आलं नव्हतं. मंडळी पांगायला लागली. पोरांनाही कुणीतरी ओढून नेलं.

"आणि मला तुमचा लई राग आला होता," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "दवाखान्यात तुम्ही मोसंबी घेऊन आलात की मी डोळे मिटून घ्यायची. एकदाही झोपले नव्हते. मनात म्हणायची, ह्या माणसाच्या एका फालतू विनोदापायी माझं घर चाललं. विनोद धड चांगलाही नव्हता."

"तो शेवट राहिला म्हणून..."

"सर!"

"चुकलो."

"खड्डा होता म्हटलं ते पटकन तोंडातून गेलं. माफी तेवढ्यानं होत नाही. ती नंतर करावी लागली, रोज थोडी थोडी, दात आवळून. मला ती जड गेली. माझ्यासारखीला एका खुब्याची एवढी जड, तर सगळ्यांचं पाप उचलणाऱ्याला किती जड गेली असेल, एवढंच मला त्या खाटेवर कळलं. आणि आता तुम्ही बोकड घेऊन आलात, फिटंफाट करायला. म्हणजे तुम्ही मोकळे. मी जे केलं ते काय मग, एका बोकडाच्या किमतीचं?"

मी आजवर समजत होतो की मला बाईंची काळजी आहे. होतीही. पण त्या बोकडाची दोरी मी त्यांच्यासाठी धरली होती की माझ्या सुटकेसाठी, हे त्यांनी न विचारताच विचारलं होतं. साडीवरचे शिंतोडे पुसायला मी रुमाल काढला, तर तोही हळदीनं माखलेला. मी तो परत खिशात घातला.

बोकड घेऊन घरी आलो. भर बाजारातून, हारासकट. बायको दारातच.

"परत आणलाव? घेतला न्हाय त्यांच्या देवानं?"

"नाही."

"का ओ? बारका हाय म्हणून?"

"म्हणाला, देऊन झालंय."

"कुणी दिलं?"

"त्यानंच."

ती माझ्याकडं आणि मग बोकडाकडं बघत राहिली. "देवानंच बोकड दिला, देवालाच दिला, मग तुमी काय दिलाव?"

"तोच तर घोळ आहे," मी म्हणालो.

बोकड कापायचं धाडस तिचंही झालं नाही. मेहुण्याच्या शेतावर सोडला, तिथं शेळ्यांत रमलाय. मी मात्र रमलेलो नाही. शिक्षा झाली असती, दंड भरला असता, बोकड कापला असता, तर कधीच विसरलो असतो. पण घेणाऱ्यानं घेतलंच नाही, आणि असं फुकट सुटल्यावर माणसानं कुठं तोंड लपवावं हे मला कुणी शिकवलेलं नाही. येशू देव की माणूस, या वादात आता मी पडत नाही. कुणी विचारलं तर बाईंकडं पाठवतो. नाताळचं जुनं भाषण मात्र फाडून टाकलं.

बाई आपल्या घरातच आहेत. थंडीत खुबा धरतो, पण पुण्याचा विषय मुलानं परत काढलेला नाही. मी अजून संध्याकाळी जातो. बहुतेक दिवशी चहा मिळतो. एखाद्या दिवशी बाई दारातच हात आडवा धरतात.

"आज ठणकतोय सर. आज तुमचा राग आलाय. उद्या या."

"बरं," म्हणतो मी आणि मागं फिरतो. उद्या जातो.