चिखलात न घातलेली गाडी

व्यंकटी मिस्त्रीनं गाडी नीट बघितली नाही, म्हणून सुदर्शनची माय गेली, असं आमच्या गावात अजूनही बोलतात. सुदर्शन म्हणजे मी. आणि ते बोलणं साफ खोटं आहे. ते खोटं मी कधी तोंडानं बोललो नाही, नुसता गप बसलो. गप बसणं जास्त वाईट.

मिस्त्री चाकूरचा. स्टँडमागं त्याचं पत्र्याचं शेड होतं. आसपासच्या गावात कुणी जुनी गाडी घ्यायची म्हणाला की आधी मिस्त्रीला दाखवायची आणि मगच इसार द्यायचा, अशी रीतच पडली होती. सोयरीक जमवताना पण लोक इतकी चौकशी करत नसतील. माणूस फटकळ. विकणारा गाडीचं कौतुक करायला लागला की म्हणायचा, "तुमी जरा च्या पिऊन या. मला गाडीसंगं बोलू द्या."

माझ्या मायची, सरस्वतीबाईची, दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला लातूरला न्यावं लागायचं. आमच्या गावापासून डांबरी सडक तीन किलोमीटर, आणि मधला रस्ता सगळा काळ्या मातीचा. पावसाळ्यात त्यात बैलगाडीसुद्धा रुतते. म्हणून मला मागं लांबलचक डिकी असलेली गाडी पाहिजे होती, मायला आडवं झोपवता येईल अशी, आणि चारही चाकांनी ओढणारी. नांदेडला एकाकडं चौदा वर्षं वापरलेली सापडली. अक्षय तृतीयेच्या दिवशी मालक स्वतःच ती घेऊन आमच्या दारात आला.

मिस्त्रीनं आधी इंजिन पार गार होऊ दिलं. गरम इंजिन सगळं लपवतं म्हणे. तोवर त्यानं सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून काढला आणि नाकाला लावला. पुरात बुडालेली गाडी कितीही धुतली तरी पट्ट्याच्या बुडाशी गाळ राहतोच. मग चारही टायरांवरून तळहात फिरवला. असल्या गाडीत एक जरी टायर जास्त झिजलेलं असलं तरी आतल्या जोडणीवर ताण येतो, हे मला तेव्हा कळलं. नंतर पोतं टाकून गाडीखाली आडवा झाला, तेल कुठं पाझरतंय का ते बघितलं. शेवटी स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून पारापुढं गोल गोल फिरवली, कान खिडकीबाहेर काढून. कटकट नाही, काही नाही.

उतरला आणि म्हणाला, "समदं बरं हाय. एकच राहिलं. पुढची चाकं घसरल्याबिगर मागची ओढत न्हाईत, सडकेवर त्येंचं काय बी कळत न्हाई. तुमच्या उसात पाणी सोडलंय न्हवं? दोन मिंटं चिखलात घालतो."

माय सकाळपासून उपाशी, ओवाळणीचं ताट घेऊन दारात उभी. माझं टाळकंच सरकलं. "मामा, सणाचा दिवस, गाडीला अजून हळद-कुंकू लागलं न्हाई, अन् तुमी चिखलात घालायलाव? पूजेआधी न्हाई."

"मग पूजेनंतर घालू."

"पूजा झाली की गाडी घरची झाली. मग बघून काय करायचं?"

मिस्त्रीनं हात पुसले. "सुदर्शनराव, मग मागल्या चाकांचा माझा शब्द न्हाई बरं का."

"हाव, हाव," म्हणालो आणि नारळ फोडला. अक्कल गहाण ठेवली होती मी. दुसरं काय म्हणू?

श्रावणात दोन दिवस झड लागली. तिसऱ्या दिवशी सकाळी मायला दम लागायला लागला. डिकीत गादी टाकून तिला झोपवलं आणि निघालो. ओढ्याच्या वळणावर पुढची चाकं गरगरली आणि खाली बसली. मागची हललीच नाहीत. मी उतरून ढकललं, ओरडलो, मालकाला शिव्या दिल्या, देवाला दिल्या. ट्रॅक्टर यायला दीड तास लागला. माय आतून म्हणत होती, "सुद्या, वरडू नको बाबा, घसा बसल." डांबरी सडक लागायच्या आधीच ती गेली.

मागनं दुसऱ्या गॅरेजात गाडी उघडली, तर मागच्या चाकांना ताकद देणारी जोडणी आतून जळून गेलेली. जळालेली जोडणी आवाजच करत नाही. ती फक्त चिखलात कळते.

दहाव्याला लोकांनी विचारलं, गाडी बघितली होती कुणी? मी म्हणालो, व्यंकटी मिस्त्रीनं. एवढंच म्हणालो. तेराव्याला मिस्त्री आला. पंगत बसलेली होती. आमच्या निवृत्तीकाकानं सगळ्यांसमोर विचारलं, "काय मिस्त्री, डोळे फुटले होते का?" मिस्त्रीनं माझ्याकडं बघितलं. मी तोंड उघडायचा अवकाश होता. पण "मीच अडवलं" म्हणायचं म्हणजे माझ्या मायला मीच मारलं म्हणायचं, आणि ती छाती माझ्यात नव्हती. मी खाली पत्रावळीकडं बघत राहिलो. मिस्त्रीनं हात जोडले. "चुकलं माझं," म्हणाला आणि न जेवताच गेला. माय गेलेल्या पोराला चारचौघांत कसं उघडं पाडावं, असं त्याला वाटलं असेल. मला कधी विचारायची हिंमत झाली नाही.

त्यानंतर त्याला गाडी बघायला कुणी नेलं नाही. शेड बंद झालं. लातूर रोडला टपरी टाकून तो पंक्चर काढत बसायचा. मी बसनं जाताना ती टपरी आली की मान दुसरीकडं वळवायचो. असा नालायक मी. तीन वर्षं काढली.

गेल्या महिन्यात मिस्त्री बसल्या जागी गेला. मी पाचव्या दिवशी त्याच्या घरी गेलो. त्याची बायको, शिवकांतामामी, भिंतीला टेकून बसली होती. मला बघून उठायला लागली. म्हणाली, "सुदर्शनराव, तुमच्या मायसाठी मी तुमची माफी मागायची ऱ्हाऊन गेली."

मग माझ्यानं राहवलं नाही. लेकरासारखा रडत सगळं सांगितलं. ऊस, चिखल, ताट, नारळ, सगळं.

"ते चिखलात घालतो म्हणले होते?"

"हाव मामी. दोनदा म्हणले. मीच न्हाई म्हणालो."

"मला कधीच न्हाई सांगितलं. मी विचारलं, तर म्हणले, नजरेतून सुटलं."

मी तिचे पाय धरायला वाकलो. तिनं पाय मागं घेतले.

"तीन वर्सं," ती म्हणाली, "रोज ताट वाढताना मी त्येंना म्हणायची, एका बाईचा जीव घेतलाव तुमी. अन् ते खाली मान घालून जेवायचे."