सासऱ्यांना जिन्यावरून ढकलताना

लग्न ठरण्याआधी मी माझ्या सासऱ्यांना एकेचाळीस वेळा जिन्यावरून ढकललं. बेचाळिसाव्या वेळी ते स्वतः बघायला हजर होते.

(पोलिसांना फोन करू नका. कॉम्प्युटरवर ढकललं!)

दोन हजार आठच्या सुमाराची गोष्ट. मी मूळचा सांगलीचा. चेन्नईत गेम बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत नोकरीला होतो. परदेशातल्या कुणासाठी तरी आम्ही एक गेम बनवत होतो. त्यात वृद्धाश्रमातले पाच म्हातारे-म्हाताऱ्या दिवसभर नुसता उच्छाद मांडायचे. वॉर्डनच्या डोक्यात बादली घाल, व्हीलचेअर उतारावर सोडून दे, शेजारच्या खाटेवरच्याची कवळी तोफेत भरून उडव. मरायचं कुणी नाही. पडायचं, हाडं मोडून घ्यायची, आणि उठून पुढच्या उचापतीला लागायचं. मोडलेल्या दर हाडाला दहा गुण! आणि या सगळ्यात माझं काम काय? म्हातारे शास्त्रशुद्ध पाडणं. माणूस कुठल्या पायरीवर घसरला की कसा वळेल, हात कुठे जाईल, डोकं कुठे आपटेल, याची गणितं. माझ्या आईला मी फोनवर "सॉफ्टवेअर" एवढंच सांगितलं होतं.

राहायला मी पश्चिम मांबलममध्ये अप्पांच्या घरी वरच्या खोलीत भाडेकरू होतो. अप्पा म्हणजे तंजावरचे मराठी. घराणं तीनशे वर्षांपूर्वी तिकडे गेलेलं, आणि मराठीही बहुतेक तेव्हाचीच, मध्ये मध्ये तमिळ पेरलेली. चाळीस वर्षं शाळेत फिजिक्स शिकवून रिटायर झालेले. घरात त्यांची बायको अम्मा, अप्पांची थोरली बहीण (वय शहात्तर, हातात रबरी बुडाची काठी, सगळे तिला अक्का म्हणायचे) आणि मुलगी कल्याणी.

आता कल्याणी घरात असताना मी नुसता भाडं देऊन वर जाऊन झोपणारा माणूस नव्हतो, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. वर्षभरात आमचं ठरलं होतं. अप्पांचं ठरायचं होतं. त्यांच्या हाताशी आणखी एक स्थळ होतं, श्रीपेरुंबुदूरच्या मोटारीच्या कारखान्यातला इंजिनियर. कंपनीची बस त्याला दारातून उचलायची म्हणे. अप्पांनी मला सरळच विचारलं होतं, "तो मोटारी बनवतो. तू काय बनवतोस ते सांग की."

काय सांगू? म्हातारे बनवतो?

त्यातून माझं आणखी एक पाप होतं. गेममध्ये एक खडूस म्हातारा हवा होता, आणि माझ्या डोळ्यांसमोर रोज एकच चेहरा यायचा. टक्कल, पांढऱ्या झुपकेदार मिशा, जाड काचांचा चष्मा, गंजीफ्रॉक आणि पांढरी वेष्टी, म्हणजे तिकडचं लुंगीसारखं धोतर. मी अप्पांना तसंच्या तसं उतरवलं. अक्कालाही काठीसकट घेतलं. घरातला सतरा पायऱ्यांचा जिना टेप लावून मोजला आणि तोही घातला. एकदा नळाच्या दगडाला अंगठा ठेचून अप्पा "अय्यो रामा!" करून ओरडले, तेव्हा मी मोबाइलवर आवाजसुद्धा पकडला. कल्याणीला दाखवलं तर ती खाटेवर लोळून हसली. मग डोळे पुसत म्हणाली, "निदान मिशा काढ रे. अप्पांनी पाहिलं तर संपलंच!"

"ते कशाला बघतायत?" मी म्हणालो.

नवरात्र आलं. तिकडे नवरात्रात घरोघरी कोलू मांडतात. नऊ पायऱ्यांवर बाहुल्यांची आरास, संध्याकाळी बायका बघायला येतात, हळदीकुंकू आणि वाटीभर हरभऱ्याची उसळ, म्हणजे सुंडल, घेऊन जातात. अप्पांकडचा कोलू गल्लीत नावाजलेला. दिवाणखान्यात, जिन्याच्या अगदी उजव्या अंगाला. सगळ्यात खालच्या पायरीवर तंजावरचा गोल बुडाचा राजा. कितीही ढकला, डुलून डुलून परत उभा राहणारा.

अप्पांनी मला निरोप धाडला : उत्तर विजयादशमीला सकाळी देईन. आदल्या दिवशी आयुधपूजा. त्या दिवशी ज्याची त्याची हत्यारं देवीपुढे ठेवायची. अम्माची विळी, अप्पांची आकडेमोडीची स्लाइड रूल, कल्याणीची स्कूटर दारात हार घालून. पूजा झाली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत कुणी कशाला हात लावायचा नाही.

"तुझं आयुध आण खाली," अप्पा म्हणाले.

मी कॉम्प्युटर उचलून खाली आणला. मॉनिटर, डबा, आणि वीज गेली तरी चालू ठेवणारा नवाकोरा यूपीएससुद्धा. (इंप्रेशन पाडायचं होतं ना!) चंदनाची बोटं ओढली, कुंकू लावलं.

"सुरू कर," अप्पा म्हणाले.

"सुरू? पूजेत?"

"झोपलेल्याला कुणी नमस्कार करतं का? आयुध जागं पाहिजे."

मी सुरू केला, पडद्यावर सरस्वतीचं चित्र लावलं. संध्याकाळी पावणेसहाला आरती झाली. अक्कानं काठी आपटून जाहीर केलं, "आता उद्या सकाळपर्यंत आयुधाला कोणी शिवायचं नाही!"

थोड्याच वेळात, सहाच्या सुमाराला दिवाणखाना बायकांनी भरला. मोगरा, रेशीम, सुंडलची ताटं. मी नव्या शर्टात जावयासारखा चेहरा करून कोपऱ्यात उभा होतो. आणि मला एकदम आठवलं. रात्रभर चाचणी चालावी म्हणून मीच एक सोय करून ठेवली होती. कीबोर्डला कुणी पंधरा मिनिटं हात लावला नाही, की गेम आपोआप सुरू व्हायचा आणि म्हाताऱ्याला जिन्यावरून ढकलायचा! पुनःपुन्हा! आदल्या रात्री एकेचाळीस वेळा ढकलून झालं होतं, आणि ती सोय मी बंद केली नव्हती.

मी धावलो. हात माऊसपासून वीतभर लांब असेल, तेवढ्यात मनगटावर काठी आली.

"शिवायचं नाही म्हटलं की!"

"अक्का, एकच बटण..."

"एकसुद्धा नाही. उद्या!"

सरस्वती अदृश्य झाली. जिना आला. जिन्याच्या टोकाला गंजीफ्रॉक आणि वेष्टीतले अप्पा उभे! मागून काठी घेऊन अक्का आली, इकडेतिकडे बघितलं, आणि अप्पांच्या पाठीत काठी घालून ढकलून दिलं.

"अय्यो रामा!" अप्पांचाच आवाज, चांगला खणखणीत.

शेजारच्या मामी तमिळमध्ये किंचाळल्या, "अहो, तुमचे सर पडले!"

"कोण पडलं?" म्हणत खरे अप्पा स्वयंपाकघरातून बाहेर आले. तोवर पडद्यावरचे अप्पा सतरा पायऱ्या गडगडत येऊन खाली चेपले होते, पाय मानेमागे. खाली अक्षरं आली : हाडं तीन, गुण तीस. मग ते उठले, वेष्टी झटकली आणि परत वर जाऊन उभे राहिले. मागून अक्का आली.

मी कल्याणीकडे बघितलं. ती शांतपणे दुसरीकडे बघायला लागली. कोण हा माणूस, कुठून आला, असा चेहरा!

चेन्नईत त्या वर्षी रोज संध्याकाळी वीज जायची. मी देवीपुढे हात जोडून म्हटलं, आई, आज एक दिवस वीज वेळेवर ने! आणि देवी पावली. फट्! पंखे थांबले, दिवे गेले, गल्ली काळोखी झाली.

माझा यूपीएस मात्र बिप बिप करत ठणठणीत होता. काळोख्या दिवाणखान्यात आता उजेड होता तो फक्त त्या पडद्याचा, आणि पंचवीस बायका सुंडल खात अप्पांचं पडणं बघत होत्या. काही जणी तर सोयीची जागा धरायला सतरंजीवर पुढे सरकल्या. प्रत्येक "अय्यो रामा"ला खसखस पिकायची. मला रडू यायचं बाकी होतं. खरंच सांगतो, मी मनातल्या मनात श्रीपेरुंबुदूरची ती बस दाराशी येताना बघितली, हार घातलेली, आणि कल्याणी तीत चढतेय.

अप्पांनी खुर्ची ओढली. चष्मा पुसला. चार वेळा स्वतःला पडताना पाहिलं.

"शिरीषा," त्यांनी मला हाक मारली.

"अप्पा, माफ करा, मी उद्याच खोली सोडतो..."

"चूक आहे."

"हो अप्पा. मोठी चूक आहे."

"अरे, तुझी नव्हे, पडण्याची! सतरा पायऱ्या, आणि हाडं तीनच? आणि हा माणूस डावीकडे का वळतो? माझा उजवा हात बघ. हातात पाण्याचा तांब्या दिलाहेस. वजन उजवीकडे, तर माणूस उजवीकडेच वळेल. आठवीच्या मुलाला कळतं हे."

"नाही अप्पा," माझ्या तोंडून निघून गेलं, "तो आधी डावा पाय टाकतो ना, म्हणून..." (बघा! घर बुडत होतं आणि मी वाद घालत होतो.)

अप्पांच्या मिशा हलल्या. "सरि, ठीक आहे. करून बघू."

"काय करून बघू?"

"खालून तिसऱ्या पायरीवर उभा राहा. अम्मा, सुंडलचं पातेलं दे."

"अहो, अजून काही बायका यायच्या आहेत!"

"फिजिक्स आहे हे!"

चार किलोचं पितळी पातेलं माझ्या उजव्या हातात आलं. तेवढ्यात वीज परत आली आणि लख्ख उजेडात मला पंचवीस बायका, नऊ पायऱ्यांचा कोलू आणि हात बांधून उभी असलेली कल्याणी स्पष्ट दिसली.

"अप्पा, पण ढकलणार कोण?"

माझ्या मागच्या पायरीवर रबरी बुडाची काठी टेकल्याचा आवाज आला. अक्का कधी वर चढली होती, कुणास ठाऊक! पडद्यावरचं आपलं काम तिला फारच आवडलेलं दिसत होतं.

"डावा पाय आधी टाक," अप्पा म्हणाले. "तुझं म्हणणं तसंच आहे की."

मी डावा पाय उचलला आणि पाठीत काठी बसली.

अप्पांचं बरोबर होतं. मी उजवीकडे वळलो. उजवीकडे कोलू होता, हे मात्र आम्हा दोघाही शास्त्रज्ञांनी धरलंच नव्हतं! हवेत असताना मला नऊच्या नऊ पायऱ्या अंगावर येताना दिसल्या. अम्मानं डोळे मिटले. मी पातेलं सोडलं, अंग आखडलं, "आई गं!" करून ओरडलो आणि जमिनीवर सपशेल आदळलो. घसरत जाऊन नाक थांबलं ते थेट खालच्या पायरीवरच्या तंजावरच्या राजासमोर. डोक्यानं त्याला हलकेच ढुशी दिली. राजा मागे कलला. पुढे कलला. मागे. पुढे. देवीपुढची बाहुली फुटणं म्हणजे वर्षभराचा अपशकुन, आणि त्याच वर्षात लग्न मागणारा मी!

राजा डुलून डुलून उभा राहिला. वरून अजून सुंडलचे हरभरे टपटप पडत होते.

"कोलू वाचला," अक्का जिन्यावरून म्हणाली. "मुलगा?"

"तोही वाचला," कल्याणी म्हणाली. आणि मग इतका वेळ दाबून धरलेलं हसू तिला आवरेना. ती माझ्या केसांतले हरभरे काढत खाली बसली, सगळ्यांसमोर. अप्पांनी ते पाहिलं.

"हाडं किती मोडली?" त्यांनी विचारलं.

"एकही नाही अप्पा. मनगट मुरगळलंय."

"शून्य गुण," अप्पा म्हणाले. पण मी वळलो कुठे, ते त्यांनी वहीत लिहून घेतलं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मनगट ठणकत होतं आणि खाली अप्पा बोलत होते ते नीट ऐकू येत नव्हतं. सकाळी सहाला बोलावणं आलं. विजयादशमीला सगळ्यांनी आयुध उचलून आपलं काम थोडं का होईना, करायचं असतं. अम्मा विळीवर भोपळा चिरत होती. अप्पा कॉम्प्युटरपुढे दोन खुर्च्या टाकून बसले होते.

"बस. शुभारंभ कर. ते डावं वळण आधी दुरुस्त कर."

मी मुकाट्यानं दुरुस्त केलं. पडद्यावरचे अप्पा पडले, उजवीकडे वळले. हाडं सात. अप्पा समाधानानं हुंकारले.

"श्रीपेरुंबुदूरवाल्याला मी विचारलं होतं, बाबा, ब्रेक दाबला की मोटार थांबते कशी? म्हणाला, अंकल, ते दुसरं डिपार्टमेंट." अप्पांनी चष्मा काढला. "तू निदान पडून दाखवलंस. आईवडिलांना बोलावून घे."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी नमस्काराला वाकलो, आणि वाकता वाकता मनगटानं कळ मारली म्हणून परत "आई गं!" केलं.

"एक अट आहे," अप्पा म्हणाले. "हा आवाज गेममध्ये घे."

त्या परदेशी कंपनीनं पुढे तो गेम बंदच करून टाकला. म्हणे, म्हाताऱ्यांची अशी थट्टा लोकांना रुचणार नाही! पण तो जुना डबा सासुरवाडीला अजून चालू आहे. दर विजयादशमीला सकाळी सहाला अप्पा आणि अक्का अंघोळ करून, गंध लावून त्याच्यापुढे बसतात. जिन्याच्या टोकाला नव्या शर्टातला एक मुलगा उभा असतो, हातात पातेलं. वर्षाचा शुभारंभ त्याला ढकलूनच होतो. सतरा पायऱ्या, "आई गं!", हाडं अकरा. मी शेजारीच सुंडलची वाटी घेऊन बसलेला असतो, आणि अप्पा आलेल्या प्रत्येक पाहुण्याला कौतुकानं सांगतात, "आमचा जावई. बघा किती बरोबर पडतो! सवय आहे त्याला."