वारा बघून दिलेलं आमंत्रण

आमच्या कांजूरमार्गच्या इमारतीत पाहुणे वारा बघून बोलावतात. खाडीकडून वारा आला की डम्पिंग ग्राउंडचा वास थेट घरात, मग सगळ्या खिडक्या बंद. मला बघायला येणाऱ्या मंडळींनाही आईने ऐनवेळी फोन करून पुढचा रविवार दिला होता. तरी कुणी अवचित आलंच, तर दार उघडताना ती मालवणीत म्हणते, "आज वारोच पावणो इलो हा, तुमका खय बसवू?" म्हणते हसत, पण मान खाली असते.

या वाक्यावर मी कविता लिहिली आणि बोरिवलीच्या एका संपादकांना दिली. ते एक अनियतकालिक काढतात. साठच्या दशकातले बंगाली बंडखोर कवी आणि त्यांचे अमेरिकन दोस्त हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. अमेरिकन पाहुणा कलकत्त्याच्या स्मशानघाटावर कसा बसायचा, हे ते तासभर सांगतात. कवितेपायी कोर्टाच्या पायऱ्या चढली ती बंगाली पोरं, हे मात्र त्यांना चहा संपता संपता आठवतं. माझी कविता वाचून ते चारचौघांत म्हणाले, "ही कविता नाही गं, तक्रार अर्ज आहे. वॉर्ड ऑफिसला दे. घाण कशी लिहायची, ते आधी त्या लोकांकडून शिक."

सगळे हसले. मीही हसले. माझा राग लोणच्यासारखा असतो, मुरायला वेळ घेतो.

काही महिन्यांनी मी तीच कविता पुन्हा पाठवली. कांजूरमार्ग काढून कलकत्ता घातलं आणि वर एका अमेरिकन कवीचं नाव टाकलं, जो या पृथ्वीवर कधी जन्मलाच नाही. खाली लिहिलं, अनुवाद माझा. संपादकांना आधीची कविता आठवली नाही, आणि मूळ इंग्रजी त्यांनी मागितलंसुद्धा नाही. कविता पहिल्या पानावर आली, सोबत त्यांची लांबलचक टीप. वारा पाहुणा म्हणून येतो हे आपल्या कवींना सुचणं अवघड, त्याला बाहेरचा डोळा लागतो, असं त्यात होतं. मुलुंडच्या एका कार्यक्रमात त्यांनी ती डोळे मिटून वाचली आणि टाळ्या घेतल्या. आईचं वाक्य परस्पर साता समुद्रापलीकडे गेलं होतं, आणि मला ते परत हवं होतं.

खुलासा पत्रानेही करता आला असता. पण मला त्यांचं तोंड बघायचं होतं. त्या कवीच्या आणखी कविता आहेत, एकदा घरी या, असं सांगून ठेवलं आणि वाऱ्याची वाट बघत राहिले. एका सकाळी इमारतीच्या खिडक्या धडाधड लागल्या, तसा मी फोन केला.

ते आले तेच नाकाला रुमाल लावून. "आजच बोलावलस गो?" आई माझ्या कानात पुटपुटली. मग मान खाली घालून तिने त्यांना तेच विचारलं. आज वारोच पावणो इलो हा, तुमका खय बसवू?

संपादक थबकले. रुमाल खाली आला. मला वाटलं, झालं काम. तेवढ्यात त्यांचा चेहरा उजळला.

"वा! आईकडूनही पाठ करून घेतलीस? याला म्हणतात ताकद. कुठला कोण अमेरिकन, आणि थेट कांजूरच्या स्वयंपाकघरात पोचला."

"कोण पोचलो?" आईने विचारलं.

मग मी सगळं सांगितलं, आवाज न चढवता. ते सोफ्याच्या कडेला बसून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "छापून झालंय आता. लोकांना आवडलंय. आपल्यातच राहू दे ना." आणि खिडकीकडे बघत, "ती फट बंद होत नाही का?"

आई त्यांच्याकडे पाठ करून माझ्याकडे वळली. "माझा बोलणा तू दुसऱ्याच्या नावार दिलस?"

हा हिशेब मी केला नव्हता. त्या क्षणी मला संपादकांचा दुप्पट राग आला, कारण माझ्या वाट्याचा रागही त्यांच्यावरच काढायचा होता.

मी उठले आणि खिडकी सताड उघडली. आईने अडवलं नाही.

"सर, दुरुस्ती इथेच बसून लिहा," मी म्हटलं. "त्यात आईचं नाव आधी येईल, माझं नंतर. घाणीबद्दल कसं लिहायचं, ते तुम्हाला चांगलं माहीत आहे."

त्यांनी रुमाल पुन्हा नाकाला लावला आणि दुसऱ्या हाताने पेन काढलं. आईने चहाचं आधण ठेवलं, नेहमीपेक्षा मोठं.