खुर्चीतला व्यायाम आणि माझा अंबाडा

अजूनही सकाळी मी खिडकीशी स्टूल घेऊन बसते आणि दोन्ही हात सावकाश वर नेते. हे जिथे शिकले ते ऑफिस आता तिथे नाही, पण हातांना सवय राहिली आहे.

तेव्हा मी अंधेरीच्या त्या ऑफिसात चहापाणी बघायची. माझा उजवा खांदा धरला होता. हात छातीच्या वर जाईना. कपबशा धुता यायच्या, पण अंबाडा घालता येईना. म्हणून रोज सकाळी मुलगी माझे केस विंचरायची. मी खाली पाटावर, ती मागे पलंगावर, तोंडात आकडे धरून. घाटकोपरच्या आमच्या एका खोलीत दोघी स्वस्थ बसायचो त्या तेवढ्याच वेळी. तिचं लग्न ठरलं होतं. ती गेल्यावर केस कोण बांधणार, हीच मला काळजी. रोज शेजारणीपुढे डोकं घेऊन कसं बसायचं?

ऑफिसात दर बुधवारी चहाच्या आधी एक बाई व्यायाम शिकवायला यायच्या. ताई ची म्हणून चिनी व्यायाम आहे, तो दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसणाऱ्यांसाठी खुर्चीतल्या खुर्चीत करायचा. चाकांच्या खुर्च्या बाजूला सारून साध्या खुर्च्या मांडायच्या. पावलं जमिनीला टेकवायची आणि पाण्यातून फिरवावेत तसे हात हळूहळू फिरवायचे. एक साहेब डोळे मिटले की घोरायचे. मी ट्रे घेऊन दारात उभी राहून बघायची.

एकदा बाई म्हणाल्या, "मावशी, ट्रे ठेवा आणि बसा."

"नको, चहा निवेल."

"निवू दे हो," घोरणारे साहेब म्हणाले. "मी झोपलो तर उठवायला कोणीतरी पाहिजे ना!"

सगळे हसले. त्या ऑफिसात मी कधी खुर्चीत बसले नव्हते. बसले ती अगदी टोकावर. खांद्याचं हळूच सांगितलं. बाई म्हणाल्या, "दुखायला लागेल तिथे थांबायचं. जोर नाही करायचा."

मग मी दुपारी कप धुऊन झाले की पॅन्ट्रीतल्या स्टुलावर बसून करायला लागले. हात आधी कानापर्यंत गेला. बऱ्याच महिन्यांनी एका दुपारी बोटं मानेमागच्या केसांना लागली. मी तशीच बसून राहिले. घरी जाऊन मुलीला सांगणार होते. सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मुकाट्याने फणी तिच्या हातात दिली आणि पाटावर बसले.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी विंचरता विंचरता ती थांबली. "आई, आज तू घाल."

"अगं, माझा हात..."

"पुरे हं! वरच्या फळीवरचा साखरेचा डबा कोण काढतं? भूत?"

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"गणपतीपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोललीस?"

मी हात वर नेला, बाईंनी शिकवला तसा, सावकाश. अंबाडा झाला, पण डावीकडे कलला. तिने तो बघितला, आकडे काढून पुन्हा तोंडात धरले आणि केस सोडून पहिल्यापासून विंचरायला घेतले.