रोझाबाईंसाठी भट्टी विझणार नाही

आरोंद्याला सासऱ्यांची काजूची भट्टी मी चालवायला घेतली आणि पहिल्याच आठवड्यात धुराने डोळे सुजवून घेतले. शेजारच्या कारखान्याच्या मालकीणबाई कुंपणापाशी आल्या. ‘‘वाऱ्याच्या तोंडार कित्याक उभो रवलस रे?’’ असे म्हणून, बी भाजली की नाही हे वासावरून कसे ओळखायचे ते त्यांनी उभ्या उभ्या शिकवले. रोझाबाईंशी माझी ओळख झाली ती अशी. आता त्या पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत आणि कारखानदार मंडळाचा चिटणीस म्हणून हा लेख माझ्याकडे आला आहे. खरे तर तो मी लिहावा, हेच मला अवघड वाटते.

यजमान वारल्यावर बाईंनी एकटीने धंदा सांभाळला. काजूच्या टरफलातल्या चिकाने कातडी जळते, म्हणून बी फोडणाऱ्या बायकांच्या हातांना तेल लागल्याशिवाय त्या कामाला हात लावू देत नसत. एकदा मुंबईच्या व्यापाऱ्याचा ट्रक दारात उभा होता आणि तेल संपलेले. व्यापारी चिडला, ड्रायव्हर चिडला. बाईंनी दोघांना पेज वाढली, सावंतवाडीहून तेल आणवले आणि मगच काम सुरू केले.

पुढे हवेच्या प्रदूषणाचा कायदा आला. भट्टीला उंच धुराडे बांधा, नाहीतर बंद करा, अशा नोटिसा आम्हा सगळ्यांना मिळाल्या. आम्ही शहाण्या माणसांनी काय केले? तपासणीचे साहेब सावंतवाडीच्या स्टँडवर उतरले की फोन यायचा. साहेब पोचेपर्यंत आमच्या भट्ट्यांवर पाणी पडलेले असायचे. एवढ्यावर भागेना म्हणून ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवून मंडळाने गाऱ्हाणे घातले: ‘‘बा म्हाराजा, ह्या सायबाची नजर दुसरीकडे फिरव!’’ ‘‘व्हय म्हाराजा!’’ म्हणून आम्ही जोरात ओरडलो. दरवर्षीप्रमाणे रोझाबाईंनीही आपला नारळ आणला होता. त्या मात्र गप्प राहिल्या.

देवळाबाहेर त्या मला म्हणाल्या, ‘‘देवान काय करूचा रे? धूर आपलोच आसा मरे.’’

पुढचा हंगाम त्यांची भट्टी बंद राहिली. त्यांच्या बायका आमच्याकडे कामाला आल्या, त्यांचे व्यापारीही आले, आणि आम्ही खूश झालो. बाई गवंड्यांना चहा देत धुराडे वर चढताना पाहत बसल्या. ‘‘म्हातारीक चर्च बांधूचा आसा,’’ अशी टिंगलही आमच्यातल्याच लोकांनी केली. मी हसलो होतो.

त्यानंतर माझ्या धाकट्या मुलीचा खोकला वाढला. डॉक्टरांनी धुरापासून दूर ठेवा म्हणून सांगितले. घर भट्टीला लागून. दूर म्हणजे कुठे? रोझाबाई स्वतः आल्या. ‘‘चेडवाक माज्याकडे धाड. माजो धूर वर जाता.’’ मुलगी हंगामभर त्यांच्याकडे राहिली, त्यांच्या हातचे पेज-सुके खाऊन बरी झाली. संध्याकाळी मी तिला भेटायला जायचो तेव्हा माझ्याच भट्टीचा धूर कुंपण ओलांडून माझ्या मागून यायचा आणि बाई उठून खिडकी लावून घ्यायच्या. याबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर मला बरे वाटले असते.

पंचाहत्तरीच्या सत्काराचे निमंत्रण द्यायला आम्ही गेलो तेव्हा मंडळातले एकजण उत्साहाने म्हणाले, ‘‘काळजी करू नकात, त्या दिवशी सगळ्यो भट्ट्यो बंद ठेवतलों. पावण्यांका त्रास नको.’’

बाईंनी आमच्याकडे एकेक करून पाहिले. ‘‘मी काय सायब नाय रे. माज्यासाठी भट्टी कित्याक इजवतास? पेटती ठेवा. तरच मी येतंय.’’

आम्ही पत्रिका त्यांच्या हातात देऊन उठलो.

तेव्हा समारंभाला येणाऱ्यांनी कृपया रुमाल आणावेत. भट्ट्या पेटत्या असतील, धूर असेल, आणि शाल त्या धुरातच पांघरली जाईल. माझ्या अंगणात धुराड्याच्या विटा येऊन पडल्या आहेत. बाकीच्यांचे मी सांगू शकत नाही. त्या दिवशी गाऱ्हाणे घालायचा मान मंडळाने मला दिला आहे. रोझाबाईंना शंभर वर्षे आयुष्य दे, हे मी मोकळ्या आवाजात मागेन. पण त्यांची छाती निरोगी ठेव, हे देवाला कोणत्या तोंडाने सांगू? ते तर आमच्याच हातात होते.