सातव्या भागाचा कोट

कडुबा टेलरला मल्टिप्लेक्समधून पोलिसांनी उचललं, अशी बातमी मागे एकदा पैठण गेटच्या बोळात पसरली होती. मोबाईलवर नवा पिक्चर चोरून काढत होता म्हणे. सकाळी पानटपरीवर या बातमीत पोलिसांची एक गाडी होती, दुपारी दोन झाल्या, संध्याकाळी बेड्याही आल्या. "मैं खुद देखा ना मियाँ, आँखों से," असं छातीवर हात मारून सांगणारा रिक्षावाला तेव्हा जालन्याला भाडं घेऊन गेलेला होता.

खरं सांगायचं तर पोलीस नव्हते आणि मोबाईलही नव्हता. अंधारात बॅटरी लावून एक माणूस वहीत काहीतरी काढतोय, म्हणून तिथला कर्मचारी वाकून म्हणाला, "अंकल, लाइट बंद करा." कडुबामामा मान वर न करता म्हणाले, "थांब बाबा, कॉलर राहिली."

फुलंब्रीहून रोज एसटीनं येऊन शहरात दुकान चालवणाऱ्या, साठी ओलांडलेल्या मामांचा हा नेमच होता. 'काळी फाईल' या हेरपटाचा नवा भाग लागला की पहिल्या शोला दुकान बंद. एजंट कुणाला मारतो, कुणावर मरतो, याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. ते कोट बघत. खांदा कुठं बसलाय, बटणं किती, मागची चीर एक की दोन. इंटरव्हलपर्यंत कोट वहीत उतरे, आणि सोमवारपासून गिऱ्हाइकांच्या अंगावर चढे. सहा भागांत किती नवरदेव एजंट होऊन मांडवात उभे राहिले, त्याची मोजदाद नाही. गिऱ्हाइकानं "सेम हाय ना मामा?" विचारलं की उत्तर ठरलेलं: "एकदम सेम, राजा!"

यंदा मात्र मामांनी न बघितलेला कोट कबूल केला. आमचा संघपालदादा वाळूजच्या कंपनीत आहे. त्याची आणि होणाऱ्या वहिनीची, विशाखाताईची, ओळख पाचव्या भागाच्या तिकिटाच्या रांगेतली. म्हणून आमच्या बौद्ध पद्धतीच्या लग्नात पांढरे कपडे असले तरी रिसेप्शनला सातव्या भागाचाच कोट पाहिजे, असा दादाचा हट्ट. पिक्चर डिसेंबरात येणार होता. तो दोनदा पुढं ढकलला. लग्न थोडंच ढकलता येतंय? अखेर पिक्चर लागला त्या शुक्रवारी लग्नाला नऊ दिवस उरले होते.

मामा बसले, वही उघडली. एजंट बर्फातल्या एका घरात स्वेटर घालून बसलेला. अर्धा तास झाला तरी स्वेटर. मग उठला, आतल्या खोलीत गेला. मामांनी पेन्सिल सरसावली. एजंट दुसरा स्वेटर घालून आला. मामांचा पाय हलायला लागला. खलनायक आला, तोही भाषणच करून गेला. इंटरव्हलला निम्मे लोक पॉपकॉर्नसकट घरी निघाले. "पटकथेत दमच नाही हो," एक सर चष्मा पुसत म्हणाले. "भंगार है भाई, सोने का है तो आओ," एकानं तिथूनच मित्राला फोन लावला.

कोट आला तो शेवटाकडे, एका मयतीत. छत्र्यांची गर्दी, वर काळोख. जेमतेम चाळीस सेकंद, त्यातले तीस पाठमोरे. वहीत नुसती कॉलर आली.

त्या दिवसापासून मामांना थारा नव्हता. खडू उचलायचा, ठेवायचा. चहा मागवायचा, थंड होऊ द्यायचा. बोळाच्या तोंडापर्यंत जायचं आणि कशाला आलो ते विसरून परतायचं. तेवढ्यात दादाचा फोन.

"मामा, कापला का?"

"कापतोय."

"किती झाला?"

"झालाच म्हण."

कापड घडी न मोडता फळीवर पडलेलं.

शनिवारी ते पुन्हा गेले. रविवारी तिसऱ्यांदा, पार पुढच्या रांगेत. मयत आली, एजंटनं खांदा द्यायला हात वर केला आणि अख्खा कोट मानेपाशी उचलला गेला. बाही बोटांवर, पाठीला झोळ. मामा ताडकन उभे राहिले.

"ओ काका, बैठो ना!"

"अरे बगल चुकली! दुसऱ्याच्या मापाचा घातलाय ह्याला!"

आता पंचाईत. हुबेहूब शिवावा तर नवरदेव झोळ घेऊन उभा राहणार. चांगला शिवावा तर तो सातव्या भागाचा कोट नव्हे, आणि शब्द तर त्याचाच दिलेला. सोमवारी सकाळी मामांनी कात्री घेतली आणि स्वतःच्या डोळ्याला पटला तसा कोट कापला.

मंगळवारी मी दुकानात गेले तेव्हा हे सगळं मला सांगून त्यांनी वर म्हटलं, "उद्या ट्रायलला तुझ्या भावाला खरं सांगणार."

"तुम्ही? तो विचारणार, आणि तुम्ही म्हणणार," मी मान तिरकी करून त्यांच्याच आवाजात म्हणाले, "एकदम सेम, राजा!"

"लाव पैज."

"लावली. हरेल त्यानं तो पिक्चर पुन्हा बघायचा. अख्खा."

बुधवारी दादा विशाखाताईला घेऊन आला. कच्च्या टाक्यांचा कोट अंगावर चढला. आरशात बघत दादानं विचारलंच, "सेम टू सेम ना मामा?"

मामांच्या ओठात टाचण्या होत्या. एकेक काढून त्यांनी मनगटावरच्या छोट्या गादीत खोचली. मी मनातल्या मनात जिंकले होते.

"नाय," मामा म्हणाले.

"नाय म्हंजे?"

"त्यांचा कोट चुकलाय. तीनदा बघितला. चूक मी शिवत नसतो. नको असंल तर सांग, रेडिमेड बघायला अजून येळ हाय."

दादाचा चेहरा पडला. "अहो मामा, साऱ्या कंपनीत सांगून बसलोय ना मी!"

"त्या पिक्चरमध्ये कोट होता?" विशाखाताई म्हणाली. "मी झोपले होते."

"पहिला अर्धा तास चांगलाय," दादा पुटपुटला.

"तू आधी हात वर कर," मामा म्हणाले.

दादानं दोन्ही हात वर केले. कोट जागचा हलला नाही. त्यानं पुन्हा केले, मग आरशात बघत नुसतेच खालीवर करत राहिला.

"पण मामा, लोकांना काय सांगू?"

मामांनी टाचण्या पुन्हा ओठात धरल्या आणि फटीतून म्हणाले, "आठव्या भागाचा हाय म्हणावं."

विशाखाताई इतकी हसली की तिला स्टुलावर बसावं लागलं. दादानं कोट काढला नाही, बाहीवर हात फिरवत तसाच उभा राहिला.

पैज मी हरले. शुक्रवारी दुपारी दोन तास चाळीस मिनिटं, अख्ख्या हॉलमध्ये मी एकटी. तिकीट मामांनी स्वतः काढून दिलं, आणि मी मधूनच पळू नये म्हणून ते बाहेर बाकावर बसून राहिले.